वाड्यातली तोड्याची बंदूक: साफसफाई आणि जपणूक कशी करावी

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत माळवदाखालच्या खुंट्यांवर, नाहीतर धान्याच्या कोठीमागे अजून एखादी तोड्याची बंदूक निघते. लांब लोखंडी नळी, सडपातळ दस्ता, नळीखाली बार ठासायचा गज, आणि पेटती जामगी, म्हणजे बत्तीची दोरी, धरणारा वाकडा आकडा. चाप दाबला की तो आकडा पुढे झुकतो, जामगी रंजकाला, म्हणजे नळीबाहेरच्या वाटीतल्या चिमूटभर दारूला, टेकते आणि बार उडतो. अशी वस्तू हाती आली की पहिला मोह होतो चकचकीत करण्याचा. तो आवरा. शे-दोनशे वर्षे तग धरलेली नळी एका दुपारच्या ग्राइंडरने कायमची बिघडते.

आधी बार भरलेला नाही ना, ते पाहा

तोंडाकडून भरायच्या बंदुका कित्येकदा भरलेल्याच टांगून ठेवत. सोरा, गंधक आणि कोळशाची काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेते.

बांबूची सरळ कामटी नळीत हळूच तळापर्यंत सोडा. नळीचे तोंड स्वतःकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे नको. तोंडाशी कामटीवर खूण करा, मग तीच कामटी बाहेरून नळीला लावून बघा. टोक बत्तीच्या छिद्राजवळ, म्हणजे रंजकाची आग जिथून नळीत शिरते तिथवर, पोचले तर नळी बहुधा रिकामी. चार-पाच सेंटिमीटर अलीकडेच अडले तर आत काहीतरी आहे: माती, कुंभारमाशीचे घर, नाहीतर खरोखरच दारू आणि गोळी. तिथेच थांबा. खरवडू नका, ड्रिल लावू नका, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. पोलीस ठाण्याला कळवा. बार काढण्याचे काम शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराचे.

कागद

1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मध्ये जुनाट शस्त्रांना सूट आहे, पण ती दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाहीत अशाच शस्त्रांना. गोम त्या ‘दुरुस्ती करूनही’मध्ये आहे. नळी धड असेल आणि चाप-आकडा नव्याने बसवता येत असेल, तर ‘जुनी आहे, शोभेची आहे’ हे म्हणणे टिकत नाही. ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. शिवाय बंदुकीची दुरुस्ती परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणून घरी करायचे ते फक्त साफसफाई आणि जपणूक. मोडका चाप मोडकाच राहू द्या. आपली वस्तू कशात बसते हे जिल्हाधिकारी कार्यालयात, छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालयात, लेखी विचारून घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ती देशाबाहेर नेता येत नाही.

सामान

शिवणयंत्राचे तेल 100 मिली, मिनरल टर्पेंटाइन 250 मिली, चार शून्यांची (0000) स्टील वूल एक पाकीट, पितळेची पातळ पट्टी, कापूस, जुने सुती धोतर, मऊ केसांचा रंगाचा ब्रश, बांबूच्या काड्या, भिंग, नायट्राइल हातमोजे आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाची छोटी डबी. मेण ऑनलाइन मागवावे लागते, बाकी सगळे तालुक्याच्या बाजारात मिळते. हातमोजे घालाच, घामातल्या मिठाने साफ केलेल्या लोखंडावर चार दिवसांत बोटांचे ठसे गंजून उठतात.

खोलायचे किती?

जमेल तितके कमी. नळी दस्त्याला पितळी तारेच्या वेढ्यांनी किंवा चामड्याच्या वादीने बांधलेली असते. जुनी तार उलगडताना तुटते आणि वाळलेली वादी वाकवताच तडकते. वादी ओली करून मऊ करू नका, वाळताना ती आवळते आणि दस्त्याला चीर पाडते. बांधलेल्या स्थितीतच काम करा. गज अडकला असेल तर हाताने थोडा पिळत ओढा. पक्कड लावली की टोक हातात येते. सुरुवातीला चारही बाजूंनी फोटो काढा, वेढे मोजून लिहून ठेवा.

दस्ता

कोरड्या ब्रशने धूळ काढा. माळवदाची पांढरी माती नक्षीत घट्ट बसलेली असते, ती बांबूच्या काडीने सोडवा. लाकडात टाचणीएवढी भोके दिसली तर बंदूक दोन आठवडे पांढऱ्या कागदावर ठेवा. कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. आधी तिचा बंदोबस्त, मग पुढचे काम.

आपल्याकडचा खास थर खंडेनवमीचा. दरवर्षीच्या पूजेत हळद, कुंकू, तेल आणि पाण्याचे शिंतोडे एकावर एक बसून दस्त्याच्या मुठीपाशी आणि रंजकाच्या वाटीभोवती तपकिरी-लाल चिकट पापुद्रा तयार होतो. भिंगातून पाहिले तर त्यात अक्षतांचे कण दिसतात, आणि कडा उचलली की खाली ताजा नारिंगी गंज. थर ओल धरून ठेवतो, लोखंड आतून खाल्ले जाते. टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळलेला कापूस त्यावर पाच मिनिटे ठेवा आणि मऊ झालेला थर काडीने उचला. एकदम सगळा निघत नाही, तीन-चार फेऱ्या लागतात. पाणी वापरू नका. हळदीचा पिवळा डाग लाकडात मुरलेला असेल तर तो राहू द्या.

नळीलगत लाकडावर निळसर-काळे पट्टे दिसतील. गंज आणि लाकडातला तुरटपणा मिळून ते होतात. हिरडा आणि लोखंडापासून शाई करतात तीच क्रिया. खरवडून ते जात नाहीत, दस्ता मात्र झिजतो.

नळी

दस्ता प्लास्टिकच्या कागदाने झाका, दोऱ्याने बांधा. चिकटपट्टी जुना रंग उचलून आणते. नळीवर तेलाचा पातळ हात देऊन दोन दिवस ठेवा. मग तेलातच बुडवलेली स्टील वूल नळीच्या लांबीने, हलक्या हाताने फिरवा. जाड पुटकुळ्या पितळी पट्टीने खरवडा. पितळ लोखंडापेक्षा मऊ, ओरखडा पडत नाही. लाल-नारिंगी भुगा निघाला पाहिजे. खालचा चॉकलेटी-काळपट घट्ट थर हा या नळीचा आताचा खरा रंग आहे, तिथे हात थांबवा. चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा बॅटरीचे पाणी यांनी तो थरही जातो आणि करडे, खडबडीत लोखंड उघडे पडते. पहिल्याच पावसात ते पुन्हा लाल होते.

चकाकती रेष दिसली की स्टील वूल खाली ठेवा. ते कोफ्तगिरीचे, म्हणजे लोखंडावर ठोकून बसवलेल्या सोन्या-चांदीच्या तारेचे काम असू शकते. गंज तिला खालून उचलतो आणि एका घासणीत ती निघून जाते. तिथे फक्त तेलाचा कापूस आणि बांबूची काडी, भिंगाखाली. मूळ कामे कशी दिसतात हे पाहायचे तर हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयाचे शस्त्रदालन पाहून या.

नळीच्या आत काठीला तेलकट फडके बांधून फिरवा, कोरडे फडके स्वच्छ निघेपर्यंत. बत्तीचे छिद्र काडीने मोकळे करा, मोठे करू नका.

मेण

टर्पेंटाइनने तेल पुसून काढा, तासभर सुकू द्या. मेणाचा अगदी पातळ हात, वीस मिनिटांनी सुती फडक्याने चोळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. दस्त्यालाही हेच मेण पुरते. करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल नको, ते महिनोन्महिने चिकट राहून धूळ धरते. जवसाचे तेल वाळते खरे, पण लाकूड काळवंडते; शिवाय त्याचे चुरगाळून टाकलेले फडके आपोआप पेटू शकते, मग मे महिन्यात तर विचारूच नका. टर्पेंटाइनची फडकीसुद्धा अंगणात पसरूनच वाळवा.

बंदूक बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, लोणा लागलेल्या भिंतीला तर नकोच. दोन लाकडी आधारांवर पॉलिथीन फोम घालून आडवी ठेवा. मृगाच्या सुमारास एकदा आणि नवरात्राआधी एकदा भिंगाने पाहा, गरज वाटली तर मेणाचा हात द्या. खंडेनवमीला हळद-कुंकू वाहायचे ते बंदुकीपुढच्या ताम्हनात वाहा.