रात्रीची झोप संध्याकाळी सोप्यावर (ओसरीवर) मिळते

हे गेल्यावर वर्षभर मी रात्री टक्क जागी असायची. बोलायला कुणी नाही म्हणून ८ वाजताच अंथरुणावर पडायची. चूक तिथेच होती. आमच्या वयाला ७-८ तास झोप पुरते, मग पहाटे ३ ला जाग येणारच.

सकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार येणाऱ्या पाववाल्याचा, भोंपू वाजला की स्वतः फाटकापर्यंत जा. पाव घ्या, शेजारणीशी बोला, अर्धा तास उजेडात राहा. शरीराचं घड्याळ त्यानेच लागतं. दुपारी हुमण (माशांची आमटी) आणि भात जेवून फार तर ३० मिनिटं पडा, गजर लावून. संध्याकाळी चहा नकोच.

संध्याकाळ मात्र रिकामी ठेवू नका. सोमवारी मी मंगेशीच्या पालखीला जाते. एरवी शेजारची वहिनी सोप्यावर येते, दोघी उद्याची भाजी निवडतो. दुबईच्या लेकीचा फोन १० ला यायचा, तिला ७ ची वेळ दिली. तिची काळजी उशाशी घेऊन झोप कशी येणार?

२० मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद दिव्यात जप करा. गोळी मनाने घेऊ नका, अंधारात तोल जातो. घोरताना श्वास अडकत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि बोलायला कुणीच नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत सरकारी हेल्पलाइन आहे, संकोच न करता लावा.