प्रश्नाची पातळी क्रियापदावरून ठरवू नये

इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातील उताऱ्याखालचे प्रश्न मुलांना कितपत विचार करायला लावतात, हे तपासण्यासाठी सहसा अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांची वर्गवारी वापरली जाते. १९५६ची ही मांडणी २००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी सुधारली. त्यानुसार स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि सर्जन अशा सहा चढत्या पातळ्या आहेत. अडचण पातळ्या पाठ करण्यात नसून त्या लावण्यात आहे: प्रश्नातले ‘सांगा’, ‘स्पष्ट करा’ असे क्रियापद किंवा ‘का’सारखा शब्द पाहूनच पातळी ठरवली, तर ती चुकू शकते.

प्रथम एका धड्याचे सर्व प्रश्न वहीत उतरवून घ्यावेत, प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवावा आणि उत्तर उताऱ्याच्या ज्या ओळीत सापडले, ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित करावी. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट घेऊ. ‘कावळ्याने माठात खडे का टाकले?’ हा प्रश्न ‘का’मुळे विश्लेषणाचा वाटतो, पण ‘पाणी वर यावे म्हणून त्याने खडे टाकले’ असे वाक्य उताऱ्यातच असेल, तर मूल ते जसेच्या तसे उतरवते आणि प्रश्न स्मरणाच्या पातळीवरच राहतो. तेच कारण उताऱ्यात कुठेही लिहिलेले नसेल आणि खडे पडताच पाणी वर आले एवढेच वर्णन असेल, तर मुलाला दोन गोष्टींचा संबंध स्वतः लावावा लागतो, म्हणून तोच प्रश्न आकलनाचा ठरतो. जवळपास खडे नसते तर कावळ्याने काय केले असते, याचे उत्तर मात्र कोणत्याही ओळीत मिळत नाही, म्हणून तो प्रश्न आकलनाच्याही वरचा ठरतो.

त्यानंतर उतारा झाकून प्रश्न पुन्हा वाचावेत. ‘तुम्हाला कोणता पक्षी आवडतो?’ यासारख्या प्रश्नाला उतारा न वाचताही उत्तर देता येते. त्यात मत विचारले आहे म्हणून तो मूल्यमापनात घालणे चूक आहे, कारण तो वाचनाचा प्रश्नच नव्हे. जोड्या लावणे, रिकाम्या जागा भरणे हे प्रकार बहुधा स्मरणात जातात, त्यांवर फार वेळ घालवू नये.

हे काम दोन शिक्षकांनी वेगवेगळे करावे आणि मग याद्या ताडून पाहाव्यात. मतभेद बहुधा आकलन आणि विश्लेषण यांच्या सीमेवर होतात. तेथे अधोरेखित ओळी शेजारी ठेवून, उत्तरासाठी एकच ओळ पुरते की अनेक ओळी जोडाव्या लागतात, एवढेच पाहावे. एक गोष्ट मात्र पुस्तकात दिसत नाही: मूल्यमापनाच्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने फळ्यावर लिहून दिले किंवा मुलांनी गाईडमधून उचलले, तर त्या वर्गापुरता तोही स्मरणाचाच प्रश्न होतो.