प्राथमिकच्या वर्गात प्रयोग घ्यायचेत? व्हिडिओ आधी तुम्ही बघा

डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) करून नव्याने शाळेत लागलेले शिक्षक मला नेहमी विचारतात, की विज्ञानाच्या तासाला मुलांना कोणते व्हिडिओ दाखवू? मी इंदूरला हिंदी माध्यमाच्या शाळेत तिसरी ते पाचवीला शिकवते. माझं उत्तर ठरलेलं आहे: मुलांना दाखवू नका, तुम्ही बघा. आदल्या दिवशी, सगळं सामान समोर मांडून. काय होणार ते पडद्यावर आधीच दिसलं, की मुलांना शोधायला काही उरत नाही.

सुरुवात अरविंद गुप्तांच्या साइटपासून करा. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी कशी करायची याचे शेकडो छोटे व्हिडिओ तिथे फुकट आहेत, त्यातले बरेच मराठीत आणि हिंदीतही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतलं त्यांचं काम आपल्याला ठाऊक असतं. पण 1972 मध्ये आपल्या मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत, प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात काम करतानाच त्यांना काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबने जोडायची कल्पना सुचली. तो कार्यक्रम सरकारने 2002 मध्ये बंद केला, याचं मला आजही वाईट वाटतं. त्याची ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तकं नेटवर मिळतात. ती सहावी ते आठवीसाठी आहेत, पण प्रश्न कसे विचारावेत हे शिकायला जरूर वाचा.

आता सेलवर फिरणारी मोटर घ्या. टॉर्चचा मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि इनॅमलचा (वीज अडवणारा) लेप असलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं, बस. तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मागा, थोडीच लागते. खरी मेख तारेच्या टोकांत आहे. एका टोकाचं इनॅमल पॉलिश पेपरने सगळीकडून खरवडायचं आणि दुसऱ्या टोकाचं फक्त एका बाजूने. दोन्ही पूर्ण खरवडली तर अर्धा फेरा झाल्यावर चुंबक वेटोळ्याला उलट ढकलतं आणि ते जागच्या जागी थरथरत राहतं. अर्धं इनॅमल राहिलं तर नेमक्या त्या वेळी वीज तुटते, वेटोळं आपल्या वेगाने पुढे जातं आणि पुन्हा धक्का मिळतो. व्हिडिओत ही पायरी डोळ्यांसमोरून झरकन निघून जाते, वर्गात मात्र तासाचा बराचसा वेळ तिथेच जातो. जाऊ द्या. पाचवीच्या मुलांना दोन्ही प्रकार करून बघू द्या, ‘असं का?’ हा प्रश्न तीच विचारतात. वेटोळं अडकलं की लगेच काढायला सांगा, तार तापते.

दुसरं, नेटवरची माहिती आपल्या गावाला लावून बघा. काठीची सावली दुपारी 12 ला सगळ्यात लहान असते, असं सर्रास सांगतात. इंदूरला तसं होत नाही. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर चालतं आणि इंदूर त्याच्या पश्चिमेला, 76 अंशांच्या जरा अलीकडे, म्हणून सूर्य आपल्या डोक्याशी साधारण 27 मिनिटं उशिरा येतो. त्यातही वर्षभर फरक पडतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला सावली 12:10 च्या आसपास सगळ्यात लहान, तर फेब्रुवारीत 12:40 च्या सुमारास. पावणेबारापासून दर 10 मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करायला लावा. बारा वाजून गेल्यावरही सावली आखडतेच आहे हे दिसलं, की मुलं घड्याळावरच शंका घेतात, आणि खरा तास तिथून सुरू होतो. जमलं तर सहल उज्जैनच्या वेधशाळेला न्या. तिथलं शंकू यंत्र सावलीच्याच हिशेबावर चालतं.

कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, उत्तम आहेत, मराठी-हिंदीतही मिळतात. पण प्राथमिकला ती प्रयोगानंतर दाखवा, प्रयोगाऐवजी नको. बल्ब हाताने पेटवलेला असला, तरच पडद्यावरच्या सर्किटला मुलांच्या लेखी अर्थ असतो.

प्रत्येक प्रयोगाचं एक पान वहीत ठेवा: काय सामान लागलं, कुठल्या दुकानातून आणलं, व्हिडिओपेक्षा काय वेगळं करावं लागलं, मुलं कुठे अडली. पान हिंदीत लिहिलंत, तर शेजारच्या वर्गाच्या बाईंनाही ते घेता येईल.