शेल स्क्रिप्ट शिकताय? या चुका टाळा

नवशिक्यांच्या स्क्रिप्ट तपासताना मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती एका जोडीची: वरच्या ओळीत ‘सीडी’ (फोल्डर बदलणारी कमांड), खालच्या ओळीत ‘आरएम’ (फाइली पुसणारी). वरची फसली तर खालची चालणारच नाही, असं सगळे धरून चालतात. शेल, म्हणजे या कमांड चालवणारं सॉफ्टवेअर, मात्र थांबत नाही, पुढची ओळ चालवतं.

एका ऑफिसात जुने लॉग (नोंदींच्या फाइली) पुसणारी अशीच स्क्रिप्ट रोज रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) चालायची. एकदा सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि लॉगची डिस्क माउंटच झाली नाही, म्हणजे सिस्टीमला जोडली गेली नाही. फोल्डर सापडेना, ‘सीडी’ फसली. क्रॉनमधली स्क्रिप्ट सुरू होते होम डिरेक्टरीत, त्यामुळे ‘आरएम’ने तिथलंच सगळं साफ केलं. बॅकअप होता, पण जुना.

‘सीडी’च्या ओळीच्या शेवटी मी कायम दोन उभ्या रेघा आणि ‘एक्झिट १’ लिहितो, म्हणजे ‘सीडी’ फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबते. वर ‘सेट -ई’ (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवणारी सूचना) चिकटवलं की झालं, असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ‘इफ’च्या अटीत ते लागूच होत नाही.

दुसरी चूक अवतरणचिन्हांची. व्हेरिएबल दुहेरी अवतरणात नसेल तर शेल स्पेसपाशी त्याचे तुकडे करतं. ‘लग्नाचे फोटो’ पुसायला गेलात आणि शेजारी नुसता ‘फोटो’ नावाचा फोल्डर असला, तर तो जातो. २०११ मध्ये बम्बलबी या लिनक्सवरच्या ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये ‘/यूएसआर’नंतर एक स्पेस जास्त पडली आणि लोकांची अख्खी ‘/यूएसआर’ डिरेक्टरी पुसली गेली. नुसती अवतरणंही पुरत नाहीत. २०१५ मध्ये स्टीम या गेमच्या ॲपच्या लिनक्स स्क्रिप्टमध्ये ती होती, पण व्हेरिएबल रिकामा निघाला आणि पुसणं थेट रूटपासून, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरपासून, सुरू झालं. म्हणून पुसण्याच्या ओळीत व्हेरिएबल महिरपी कंसात घ्या आणि नावानंतर लगेच ‘:?’ लिहा. रिकामा असला तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.

व्हेरिएबलला किंमत देताना ‘=’च्या आजूबाजूला स्पेस नको.

विंडोजवर लिहिलेली फाइल आधी ‘डॉस-टू-युनिक्स’मधून (ओळींच्या शेवटची विंडोजची खूण काढणारं टूल) काढा.

उबंटूवर २००६ पासून ‘एसएच’ म्हणजे डॅश, बॅशपेक्षा साधं शेल; त्यात ॲरे (एका नावाखाली अनेक किमती) नाहीत. ॲरे वापरायचे असतील तर पहिल्या ओळीत बॅश लिहा, आणि स्क्रिप्ट ‘एसएच’ने चालवू नका.

इंटरनेटवरची ओळ न वाचता चिकटवायची घाई मला बघवत नाही. ‘आरएम’च्या आधी ‘इको’ (ओळ न चालवता नुसती छापून दाखवणारी कमांड) लावून काय पुसलं जाणार ते डोळ्यांनी बघा, मगच ‘इको’ काढा. स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं शेलचेक तर चालवाच. त्याने इशारा दिला तर ती ओळ सुधारा. इशारा बंद करणारी कॉमेंट टाकून पुढे जाऊ नका.