ऊसतोडीच्या बाईला गर्भपात करायचा असेल तर सोबत जाणाऱ्यांनी काय बघायचं

आधी तारीख धरा. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, तिथून आठवडे मोजायचे. आठवत नसेल तर दिवाळीच्या आधी का नंतर, टोळी निघाली तेव्हा आली होती का, असं विचारलं की लागतो अंदाज. शंका असली तर आशाताईकडं तपासायचं किट फुकट मिळतं. 9 आठवड्यांच्या आत डॉक्टरच्या देखरेखीत गोळ्यांवर भागतं, पण होतं काय की एक दिवस फडावर, म्हणजे ऊस तोडायला, गेलं नाही की मुकादम खाडा लावतो, म्हणजे गैरहजेरीचा दंड, उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे अंगावर असतात, मग ती म्हणते पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की बघू, आणि पट्टा पडेपर्यंत पाचवा महिना लागलेला असतो. म्हणून थांबू देऊ नका, खाड्याचं काय ते टोळीतल्या बायांनी मिळून मुकादमाशी बोला.

जायच्या आधी ग्रामीण रुग्णालयात किंवा सिव्हिलला विचारून घ्या की हे करणारे डॉक्टर कोणत्या वारी असतात, नाहीतर हेलपाटा होतो आणि परत खाडा.

तिथं "नवऱ्याला आणा" म्हणतील. बाई 18 वर्षांच्या वरची असेल तर फक्त तिचीच सही लागते, नवऱ्याची नाही, सासूची नाही, हे शांतपणे पण ठामपणे सांगा. आधार नाही म्हणून परत पाठवा असंही कायद्यात कुठं नाही. "गर्भपात बंद झालाय" हे तर साफ खोटं, बंदी गर्भाच्या लिंग तपासणीवर आहे. "ऑपरेशन (मूल बंद करायचं) केलं तरच करू" ही अटही मानायची नाही, बाईच्या गरजेचा असा फायदा घेणं मला फार चीड आणतं.

20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. 20 ते 24 मध्ये दोघांचं लागतं, आणि ते ठराविक बायांनाच, म्हणजे बलात्कार झालेली, अल्पवयीन, याच काळात विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग वगैरे. लग्न न झालेल्या बाईलाही हा हक्क आहे, सुप्रीम कोर्टानं 29 सप्टेंबर 2022 ला सांगितलंय. मुलगी 18 च्या आतली असेल तर पालकाची सही लागते, पोलिसांना कळवावं लागतं, पण तिनं आणि पालकांनी सांगितलं तर डॉक्टर तिचं नाव न देता कळवू शकतात.

घरी आल्यावर तासाला दोन पॅड भिजून जातायत आणि असं सलग दोन तास चाललंय, ताप उतरत नाही, पोटात असह्य दुखतंय, तर कोपीवर, म्हणजे झोपडीत, बसून राहू नका, 108 ला फोन करा.