अरब राजांच्या बायकांची बातमी वाचायची कशी

आधी एक सवय मोडा, सगळ्यांना सरसकट राणी म्हणायची. अरब राजेशाह्या आठ आहेत पण आज गादीवर असलेल्या राजांच्या बायकांत थेट राणी हा किताब जॉर्डनच्या रानियाकडेच आहे, बाकी कुठे शेखा, कुठे प्रिन्सेस, आणि जॉर्डनमध्येसुद्धा लग्न झालं की राणी असं काही नसतं. राजा हुसेनची दुसरी बायको मुना ब्रिटिश होती, आत्ताच्या राजाची आई तीच, पण तिला राणी केलं नाही, ती प्रिन्सेसच राहिली. रानियाचंही बघा ना, नवरा 7 फेब्रुवारी 1999 ला गादीवर बसला आणि तिला राणी जाहीर केलं 22 मार्चला. म्हणून नाव आलं की किताब कोणता आणि तो कधी दिला ते आधी बघायचं.

मग तुलना करायची ती त्याच देशातल्या आधीच्या पिढीशी, युरोपातल्या राण्यांशी नाही. मोरोक्कोचं उदाहरण घ्या. हसन दुसरा याची बायको लोकांना कधी दिसलीच नाही, तिची ओळख काय तर राजपुत्रांची आई, बस. आणि त्याच्याच मुलाने, मोहम्मद सहावा याने, 2002 मध्ये फेस शहरातल्या एका कॉम्प्युटर इंजिनिअर मुलीशी उघडपणे लग्न केलं, तिला प्रिन्सेस लल्ला सल्मा केलं, फोटो छापून आले, 2005 मध्ये तिने कॅन्सरवर काम करणारी संस्था काढली. केवढी मोठी उडी! पण 2017 नंतर ती सरकारी कार्यक्रमांत दिसेनाशीच झाली. म्हणजे बदल खरा, पण तो टिकणार की नाही हे राजाच्या मर्जीवर, हे बातमीत कोणी लिहीत नाही, आपणच ध्यानात ठेवायचं.

आता सगळ्यात जास्त फसतात ते फोटोवरून. फोटो नाही म्हणजे वजन नाही असं अजिबात नाही हां. यूएईच्या शेखा फातिमा, देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष शेख झायेद यांची बायको, यांचा चेहरा पेपरात येत नाही, तरी 1975 मध्ये देशभराची महिला संघटना त्यांनीच उभी केली, लोक त्यांना राष्ट्रमाता म्हणतात आणि 2022 पासून राष्ट्राध्यक्ष आहे तो त्यांचाच मुलगा. सौदीत राजा फैसलची बायको इफ्फत, तिने 1955 मध्ये जेद्दाला मुलींची शाळा काढली, सरकारने मुलींच्या शाळा सुरू केल्या त्या 1960 मध्ये!

संस्था कोणाच्या हातात आणि मुलगा कुठे, हे दोन प्रश्न विचारले की अर्धं चित्र कळतं. कतारच्या शेखा मोझा या अमीर (म्हणजे तिथला राजा) हमदच्या तीन बायकांपैकी दुसऱ्या, पण 1995 ची कतार फाउंडेशन त्यांच्याकडे, दोह्यातल्या एज्युकेशन सिटीत जॉर्जटाउन, कार्नेगी मेलन ही अमेरिकन विद्यापीठं आली ती त्यातूनच. 2013 मध्ये हमदने गादी सोडली आणि तमीमला दिली, तो मोझांचा मुलगा, त्यामुळे त्यांचं स्थान काही हललं नाही. तमीमची बायको शेखा जवाहर मात्र बरीच वर्षं मागेच होती, डिसेंबर 2024 मध्ये लंडनच्या सरकारी दौऱ्यात जगाने नीट बघितली.

अजून एक, कौतुक कुठून येतंय ते बघा. ऑक्टोबर 2023 मध्ये रानिया सीएनएनवर गाझाबद्दल बोलली, सरळ इंग्लिशमध्ये, ते बाहेरच्या प्रेक्षकांसाठीच होतं आणि तिचे आईवडील पॅलेस्टिनी, त्यामुळे त्याला वेगळी धार होती. पण 2011 मध्ये जॉर्डनमधल्याच काही कबिल्यांच्या लोकांनी जाहीर पत्रक काढून तिच्यावर टीका केली होती. बाहेर स्टार आणि घरात वाद, दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

ड्रेस कितीचा, पर्स कुठल्या ब्रँडची असल्या बातम्या खुशाल सोडून द्या, त्यात काही नसतं.

पुढे लक्ष ठेवायचं तर रजवावर ठेवा. ती सौदीची, 1 जून 2023 ला जॉर्डनच्या युवराजाशी तिचं लग्न झालं, जगाने लाइव्ह बघितलं, आणि तिच्या माहेरच्या देशात मात्र युवराजाची बायको लोकांसमोर येत नाही.