शेजाऱ्यांना धूर न देणारी चूल कशी निवडाल?

हिवाळ्यात भरताची वांगी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजायला घेतली की गल्लीत धूर होतो आणि खिडक्या आपटतात. नवी चूल घेताना एवढं बघा:

१. आत वरच्या काठाखाली छिद्रांची रांग हवी. तिथून शिरणारी हवा धूरच जाळते. छिद्रं फक्त तळाशी असतील तर ती चूल राहू द्या, कितीही चकचकीत असो.

२. आयएस 13152 ची खूण शोधा; लाकूडफाट्याच्या चुलींचं हे भारतीय मानक. त्यात उपयुक्त उष्णतेच्या दर मेगाज्यूलमागे धूलिकणांची मर्यादा बिनपंख्याच्या चुलीला 350 मिलिग्रॅम, पंख्याच्या चुलीला 150. दाट वस्तीत पंख्याचीच बरी.

३. पऱ्हाटी कडकडीत वाळलेली, वीतभर तुकडे करून. ओली असेल तर भारी चूलही धुपते.

धूर दिसला नाही तरी बंद खोलीत पेटवू नका; विषारी वायू असतोच.